सोळा घरांची तणीस

पिपरटोल्यात कुणाला सर्दी झाली तर ती ज्याची त्यानं बघायची. पण सोमाजी निकुरे शिंकला की सोळा घरची माणसं दारात येऊन विचारायची, "भाऊ, बरं हाये ना?" माया होती, नाही असं नाही. पण मायेपेक्षा काळजी जास्त होती, आणि ती त्याच्या नाकाची.

सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाला पाठ लावून बसलेलं हे गाव. धानाचा मुलूख. धान चुरून झालं की मागं जो पेंढा उरतो त्याला इकडं तणीस म्हणतात. पूर्वी गुरं दिवसभर जंगलात चरायची आणि घरी आल्यावर तणीस नुसती तोंडात टाकायची. मग वाघ वाढले. एका उन्हाळ्यात दोन गुराखी गेले, त्यातला एक तर पुरता सापडलाही नाही. गावानं गुरं दावणीला बांधली ती बांधलीच. तेव्हापासून दिवाळी सरल्यावर पुढचं गवत उगवेपर्यंत गुरांच्या पोटाला दुसरं काही राहिलं नाही.

सोमाजी तणसीचे ढीग रचायचा. बाप रचायचा, म्हणून तोही. वय त्रेसष्ट, अंगानं काटक, बोलायला तिखट, आणि आपल्या कामाचा गर्व एवढा की सरपंचालाही शिडीखाली उभं ठेवून बोलणार. मधोमध बांबूचा जुडगा उभा करून तो ढिगाला वारा जायला वाट ठेवायचा, दर थरावर मिठाची मूठ फेकायचा, आणि वरून असा शाकारायचा की आषाढातलं पाणीही बाहेरच्या बाहेर निथळून जायचं. पण रचणं दुसऱ्यालाही जमलं असतं. गाव त्याला मानायचं ते ढीग फोडण्यासाठी. नवा ढीग त्याच्याशिवाय कुणी फोडायचा नाही, हा गावचा रिवाज होता. तो खांद्यापर्यंत हात आत घालायचा, पोटातली मूठभर तणीस ओढून काढायचा, नाकाशी धरून डोळे मिटायचा. मग दोनच शब्द. "घाला" म्हणजे जनावरांना घाला. "फेका" म्हणजे शेतात खताला फेका. एकदा त्यानं खुद्द सासऱ्याचा अख्खा ढीग फेकायला लावला होता. सासरा दोन वर्षं बोलला नाही, पण तणीस मात्र त्यानं फेकली.

"तणीस मरत नाई गा," सोमाजी सांगायचा. "ते जित्तीच राह्यते. तिच्या पोटात कोन येऊन बसलं हाये, ते डोऱ्याले दिसत नाई. नाकाले समजते."

हे त्याचं नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. अकरा दिवस तो खाटेवर पडून होता, मग उठला, जेवू लागला, हिंडू लागला. बायकोला, मनकर्णाला, आठवड्यानं कळलं. ती विहिरीवर गेली होती आणि चुलीवर दूध करपून काळं झालं होतं. घरभर करपट वास. सोमाजी चुलीपासून दोन हातांवर बांबू सोलत बसलेला.

"अवो, वास नाई आला?" तिनं विचारलं.

"कायचा वास?" तो म्हणाला, आणि मग त्याचा हात थांबला.

त्यानं लसूण ठेचून हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली, शेवटी गोठ्यात जाऊन शेणाजवळ वाकला. कशाचाच वास नाही. बाहेर येऊन म्हणाला, "कोनाले सांगू नोको." आणि तिनं सांगितलं नाही.

तेव्हाच चारचौघांत बोलला असता तर पुढचं काही घडलं नसतं. गावानं दोन दिवस हळहळ केली असती आणि तिसऱ्या दिवशी दुसरं नाक शोधलं असतं. नाकं काही कमी नव्हती. पण पस्तीस वर्षं लोक ज्याच्या तोंडाकडं बघत थांबलेत, त्याला आता बघू नका म्हणायला जीभ उचलत नाही. शिवाय मनकर्णानं तोड काढली. ढीग फोडताना ती तशीही हळदकुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन बरोबर असायची. आता ती अगदी ढिगाशी वाकू लागली. तणीस चांगली असली तर ती पाणी ढिगाच्या पायाशी सोडायची. वाईट असली तर तांब्या धरून नुसती उभी राहायची. सोमाजी डोळे मिटल्यासारखे करून पापण्यांच्या फटीतून तांब्याकडं बघायचा आणि मग "घाला" म्हणायचा. दोन हंगाम असे गेले. कुणाला पत्ता लागला नाही.

तिसऱ्या हंगामात कार्तिक संपता संपता पाऊस आला. चांगला तीन दिवस पडला. कापलेलं धान बांध्यांत, शेतातल्या वाफ्यांत, भिजत पडलं. त्यात चुरणीचं यंत्र पुढच्या गावाला बोललेलं, त्यामुळं सोळा घरांनी ओलसर धान तसंच यंत्रात घातलं आणि ओलसर तणीस सोमाजीपुढं आणून टाकली. पूर्वी प्रत्येकाचा ढीग वेगळा असायचा. यंत्र आल्यापासून सगळ्यांची तणीस एकाच खळ्यावर पडायची आणि एकच मोठा ढीग लागायचा. सोमाजीनं चार दिवस ती उन्हात पसरायला लावली. ऊन कसलं, नुसता उजेड होता.

"चार दिवस अजून राहू द्या," तो म्हणाला.

"पुन्हा पानी आलं त?" लोक म्हणाले. आभाळ खरंच भरलेलं होतं. त्यानं रचायला घेतला.

पुढचे पंधरा दिवस सकाळी त्या ढिगातून वाफ निघायची. थंडी पडली होती, बाकी सगळं गाव गारठलेलं, आणि खळ्यावर ढीग वाफ सोडत उभा. हात घातला तर आत चटका बसायचा. सोमाजीनं एका बाजूनं पोट मोकळं केलं, आणखी दोन बांबू खुपसले, मीठ मारलं. हळूहळू वाफ कमी झाली आणि एक दिवस ढीग गार पडला. लोकांना वाटलं, निभावलं. सोमाजीला मात्र तो गार झालेला ढीग आवडला नाही. आत काय शिजलं आणि काय उरलं ते नाकानंच कळणार होतं.

पौषात पायलचा, त्यांच्या मुलीचा, घुग्घुसहून फोन आला. दिवस भरले होते. जावई कोळशाच्या खाणीत पाळीवर, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मनकर्णा निघाली. निघताना तिनं दोनदा बजावलं, "मी येवपर्यंत ढिगाले हात लावू देऊ नोका कोनाले."

ती गेली आणि पाचव्या दिवशी हेमराज आला. हेमराज मोहुर्ले म्हणजे सोमाजीचा लहानपणचा सोबती, एका तळ्यात डुंबलेला. त्याची शेती बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पोटात, जिथं ट्रॅक्टर घातला तर बैलजोड्या लावून काढावा लागतो. म्हणून त्यानं अजून रेड्यांची जोडी ठेवली होती. रेड्यांना इकडं हेले म्हणतात. भुऱ्या आणि काल्या. दोघं मिळून त्याची चार एकर चिखलणी करायचे, आणि हेमराज त्यांच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलायचा, असं त्याची बायको रीता सगळ्यांना सांगायची.

"सोमाजीभाऊ, जुनी तणीस सरली गा," हेमराज म्हणाला. "काल्या गव्हाण चाटून राह्यला. उद्या ढीग फोडू."

"आठ दिवस थांब."

"काऊन?"

सोमाजी उठून गोठ्यात गेला. संध्याकाळी त्यानं घुग्घुसला फोन लावला. मनकर्णा म्हणाली, "पायलले मुलगी झाली. बारसं झालं की येते. ढीग फोडू नोका."

"लोकायले काय सांगू? जनावरं उपाशी हायेत."

"सांगा, खांदा दुखून राह्यला."

खांदा दुखतो म्हणून पडून राहायला सोमाजी तयार नव्हता. त्यानं स्वतःची समजूत घातली, की हात आहे, डोळे आहेत, पस्तीस वर्षांचा सराव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं उतरायच्या आत, तो खळ्यावर गेला. हेमराज आणि बाकीची मंडळी जमलेलीच होती. पाण्याचा तांब्या त्यानं स्वतःच नेला.

हात आत घातला. गार, कोरडं. मूठ बाहेर ओढली. काळी बुरशी नाही, चिकटपणा नाही, तणीस चुरचुरत होती. फक्त कुठं कुठं काड्यांवर फिकट लालसर छटा होती, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी. चिखलाची असेल, असं त्यानं ठरवलं. नाकाशी धरून डोळे मिटले. आत गार हवा गेली आणि गार हवाच बाहेर आली.

हेमराजनं वाकून स्वतः एक मूठ उचलली. हुंगली. पुन्हा हुंगली.

"थोडी कुबट वाटून राह्यली गा मले," तो म्हणाला.

सगळे सोमाजीकडं बघू लागले. तेवढ्यानंही निभावलं असतं. सोमाजीनं नुसतं "थांब, पुन्हा बघू" म्हणायचं होतं. पण हेमराजनं, ज्याला आयुष्यात चांगलं आणि वाईट धान ओळखता आलं नाही त्या हेमराजनं, चारचौघांत त्याच्या नाकावर शंका घेतली होती.

"तुह्या नाकात तंबाकूचं पोतं रिकामं झालं हाये," सोमाजी म्हणाला. "तुले आता काय वास येते बाप्पा?"

लोक हसले. हेमराजही हसला आणि मूठ खाली टाकली. सोमाजी म्हणाला, "घाला."

पहिले बारा-पंधरा दिवस काही झालं नाही. जनावरं भुकेली होती, त्यांनी मान वर न करता खाल्लं. मग भुऱ्या मागचा एक पाय उचलून उभा राहू लागला. थोडा वेळ हा पाय, थोडा वेळ तो. खुराच्या वर सूज आली. हेमराजला वाटलं, काटा असेल. सकाळी त्यानं गोंजारताना कान धरला तर मुळाशी गरम आणि टोकाशी गार, जणू कानाचं टोक दुसऱ्याच कुठल्या मेलेल्या जनावराचं. दोन दिवसांत ते टोक काळं पडून आखडलं. शेपटीचा गोंडा हातात आला. तोवर आणखी पाच घरांतून तीच बातमी होती: पाय उचलतात, कान वाळतात.

लोक म्हणाले खुरकूत. हळदीचं तेल झालं, गरम वाळूत उभं करणं झालं, गावदेवाला नारळ झाला. आणि आजारी जनावर अशक्त होतं म्हणून लोक त्याच्यापुढं दोन पेंढ्या जास्त टाकू लागले.

बारसं होऊनही लेकीपाशी अडकलेली मनकर्णा आली ती अशाच एका दुपारी, अंगावर अजून घुग्घुसची काळी धूळ. खळ्यावरून येताना ती थबकली. घरी आली, पिशवी ठेवली, पाणी न पिता विचारलं, "ढीग कोनी फोडला?"

"मीच," सोमाजी म्हणाला.

"अवो, रस्त्यावर उभं राह्यलं तरी वास येऊन राह्यला त्याचा."

ती सरळ गोठ्यात गेली आणि आपल्या म्हशीच्या गव्हाणीतली तणीस काढून उकिरड्यावर टाकली. म्हशीच्या कानाला हात लावून पाहिला. अजून गरम होता. मग परत येऊन नवऱ्यासमोर बसली.

"सांगा लोकायले."

"थंडीनं झालं हाये ते. खुरकूत हाये."

"मी सांगू?"

"तू सांगशील त मी या गावात तोंड दाखवनार नाई," सोमाजी म्हणाला, आणि हे तो असा म्हणाला की तो गावच्या तलावात जीव देईल अशी तिला भीती वाटली. ती गप्प बसली. ही तिची चूक, आणि तिनं ती पुढं कधी नाकारली नाही. म्हशीला मात्र ती त्या दिवसापासून बांबूचा पाला आणि कोंडा घालू लागली.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टर आल्या. दीपिका मॅडम, तिशीच्या, स्कुटीवर औषधाची पेटी बांधून. त्यांनी सहा गोठे पाहिले, जनावरांची तोंडं उघडून पाहिली, ताप मोजला, आणि हेमराजच्या अंगणात लोकांना बोलावलं. सोमाजीही आला, मागं उभा राहिला.

"ही खुरकूत नाही," त्या म्हणाल्या. "तोंडात फोड नाहीत, लाळ नाही, ताप नाही. हे तणसीनं झालंय."

त्यांनी गव्हाणीतली लालसर काडी उचलून दाखवली. "जनावराच्या पोटात कोट्यवधी बारीक जीव असतात. तणीस तेच पचवतात. आपण खरं तर त्यांना चारतो, आणि ते जनावराला पोसतात. पण तणीस ओली रचली की तिच्यावर दुसरे जीव बसतात. ही बुरशी आहे. ती विष तयार करते. त्या विषानं रक्ताच्या नळ्या आवळतात. रक्त टोकापर्यंत पोचत नाही. थंडीत तर नाहीच. म्हणून कान, शेपूट, पाय."

"उन्हात वाळवली त?" कुणीतरी विचारलं.

"बुरशी मरेल, विष जाणार नाही. ही तणीस आजपासून बंद. एक काडीसुद्धा नाही. आज बंद केली तर बहुतेक जनावरं सुधारतील. हा भुऱ्यासुद्धा वाचेल. उशीर केला तर खूर गळून पडतील."

तणीस बंद करायची तर घालायचं काय? तलावाच्या काठी गवत होतं, पण तिथं वाघीण पिल्लांसह पाण्यावर येत होती, फॉरेस्टवाल्यांनी दवंडीच दिली होती. मग हेमराज म्हणाला, अगदी साधेपणानं, "पन मॅडम, आमच्या सोमाजीभाऊनं वास घेतला होता ना."

"कुणी?"

"पस्तीस वर्ष झाले, त्याचं चुकलं नाई कधी." आणि मागं वळून, "सांग ना गा भाऊ. तणीस चांगली होती ना?"

सगळ्या माना वळल्या. मनकर्णा कुडाच्या आडून बघत होती. सोमाजीला भुऱ्याचा उचललेला पाय दिसत होता. त्याला हेही दिसत होतं की आत्ता बोलला तर नुसतं नाक गेलं एवढंच नाही, तीन वर्षांचं सोंग उघडं पडेल. बायकोच्या तांब्याकडं बघून हा माणूस सोळा घरांना हुकूम सोडत होता, हे लोक पुढची पिढीभर सांगतील.

"चांगली होती," तो म्हणाला.

हेमराजचा चेहरा मोकळा झाला. मॅडम चिडल्या, समजावून थकल्या, मलम आणि पुड्या देऊन, तणसीचा नमुना पिशवीत बांधून गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझं नाही तर नाही, पण आठ दिवस बंद करून तर बघा." पण कालपरवा आलेल्या शहरच्या बाईचं ऐकून सोमाजीच्या शब्दाबाहेर जायचं, हे त्या अंगणात कुणालाच पटलं नाही.

त्यानंतरचे दिवस सोमाजीनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. तो रोज सकाळी खळ्यावर जायचा. ढीग रोज एका बाजूनं खचलेला दिसायचा. लोक यायचे, भारे बांधायचे, त्याला रामराम करायचे. तो भारा कुठं चाललाय ते त्याला कळायचं, आणि तो नुसता बघत उभा राहायचा. घरी त्यांची म्हैस रवंथ करत बसलेली, कान टवटवीत. तिच्याकडं बघवत नसे. मनकर्णा ताट वाढायची आणि उठून जायची.

दोन जनावरं बसली ती उठली नाहीत. तिसरं, पवन गुरनुल्याची गाभण गाय, पडली. सातव्या दिवशी हेमराज दारात आला.

"भाऊ, भुऱ्या काई खात नाई. वरवरची तणीस त्याले आवडत नसंल. तू पोटातली चांगली निवडून दे ना, वास घेऊन."

सोमाजी त्याच्याबरोबर गेला. त्यातल्या त्यात बाहेरच्या, वाऱ्याला लागलेल्या बाजूची तणीस त्यानं निवडली. ही कमी वाईट असेल, असं काहीतरी मनाशी धरलं. आणि हेमराज बघत होता म्हणून मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले, मान हलवली. त्या क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. हेमराजनं तो भारा लेकरासारखा कवेत उचलून नेला.

नवव्या दिवशी सकाळी भुऱ्या उठायला गेला आणि त्याच्या मागच्या पायाचा खूर जागेवरच राहिला.

बातमी येताच सोमाजी निघाला. मनकर्णाही मागून आली. हेमराजचं अंगण माणसांनी भरलं होतं, पण सगळे कुडाला टेकून, दुपट्ट्यांनी नाकं दाबून उभे होते. बायांनी पदर लावले होते. भुऱ्या कुशीवर पडला होता, पाय पुढं पसरून, आणि त्या पायाकडं बघवत नव्हतं. माशा घोंघावत होत्या. हेमराज एकटाच त्याच्याजवळ होता, तोही नाकातोंडाला फडकं गुंडाळून.

सोमाजी सरळ चालत भुऱ्याच्या पायापाशी जाऊन उभा राहिला.

"हेमराज," तो म्हणाला, "मले वास येत नाई. कोरोना झाला तेव्हापासून. कायचाच येत नाई. तणीस खराब हाये. मॅडम खरं सांगत होत्या."

हेमराजनं वर पाहिलं. त्याचे डोळे सुजले होते. "तू कायले आपल्यावर घेऊन राह्यला गा?" तो म्हणाला. "माह्यं नशीब खराब. तुह्यं नाक सारा तालुका जानते."

"खरं सांगून राह्यलो."

"भाऊ, जाऊ दे ना," कुडापासून कुणी तरी म्हणालं. "तुमच्यावर कोनाचा राग नाई."

सोमाजीनं मनकर्णाकडं पाहिलं. ती म्हणाली, "खरं हाये ते. दोन साल मीच वास घेऊन त्यायले खूण करत होते." लोकांनी एकमेकांकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही दया होती; नवरा भोळा, बायको नवऱ्याला सांभाळून घेणारी, असं काहीतरी. खोटं त्यांनी एका शब्दात मानलं होतं. खरं त्यांच्या गळी उतरत नव्हतं. आणि गव्हाणीत सकाळची तणीस तशीच पडलेली होती. काल्या, दुसरा हेला, तिच्याकडं मान लांबवत होता.

सोमाजी खाली बसला. त्या पायाशीच, हातभर अंतरावर, मांडी घालून.

"रीताबाई," तो म्हणाला, "घरात काई शिजलं असंल त वाढ मले."

रीताला कळेना. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मनकर्णाकडं पाहिलं. मनकर्णा स्वतःच आत गेली आणि ताटलीत भात आणि वरण घेऊन आली. नाकाला पदर लावूनच तिनं ती त्याच्यापुढं ठेवली आणि मागं सरली.

सोमाजीनं भात कालवला. एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. माशी हाकलायला डाव्या हातानं वारा घातला आणि जेवत राहिला, आपल्या पडवीत बसल्यासारखा, घाई न करता. कुडाशी उभा असलेला एक जण बाहेर जाऊन ओकला. कुणाचं मूल रडायला लागलं, त्याला आईनं बाहेर नेलं. सोमाजीनं ताटली बोटानं निपटली. कुठल्याच घासाला त्याचा चेहरा बदलला नाही. बदलण्यासारखं त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

पवन गुरनुले सगळ्यात आधी हलला. तो धावतच आपल्या घराकडं गेला, आणि मग एकामागून एक सगळेच, आपापल्या गव्हाणीकडं.

हेमराज उठला. काल्यापुढची तणीस त्यानं दोन्ही हातांनी ओढून काढली, कोपऱ्यातला उरलेला भाराही काढला आणि अंगणाबाहेर नेऊन टाकला. परत आला. तोंडावरचं फडकं सोडलं आणि सोमाजीसमोर उकिडवा बसला.

"मॅडम आली तेव्हा तुले मालूम होतं?"

"हो."

"ते म्हनली होती, भुऱ्या वाचंल."

"हो."

सोमाजीला वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण हेमराजनं नुसते आपले दोन्ही तळहात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघत राहिला. तणसीचा भुसा अजून त्यांना चिकटलेला होता.

"नऊ दिवस," तो म्हणाला. "तो खात नव्हता गा. तोंड फिरवत होता. मी त्याचं तोंड धरून, या हातानं कोंबत होतो."